मेहलुलीचे ओले पाय

मी एक फांदी. नुसतं फांदी म्हटलं तर कोण ओळखणार? तुमच्याकडच्या बोरीची मी लांबची बहीण. झिम्बाब्वेत, लुपानेच्या वाळूत वाढलेली. माझ्यावर काटे जोडीनं येतात, एक सरळ, एक मागे वळलेला. सरळ काटा पुढची वाट दाखवतो आणि वाकडा कुठून आलास ते विसरू देत नाही, असं इथले म्हातारे म्हणतात. माझ्या झाडाखाली त्शुमाबाबांची गुरं बसत.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी बाबांना मुलगा झाला. नाव ठेवलं मेहलुली, म्हणजे जिंकणारा. जिंकल्याचा आनंद फार टिकला नाही. तीन वर्षांत याच मुलखात आपल्याच नव्या सरकारचे सैनिक आले आणि बाबांच्या धाकट्या भावाला घेऊन गेले. त्याचं थडगंही नाही. पुढे नोटांवरची शून्यं वाढत गेली, दुकानातलं पीठ संपलं, आणि मेहलुली गाठोडं डोक्यावर धरून, लिंपोपो नदीतून चालत, चोरवाटेनं दक्षिण आफ्रिकेत गेला. जोहान्सबर्गला विटा वाहताना परांचीवरून पडला. मित्रांनी त्याला तिथेच पुरलं.

परमुलखात मेलेल्याला वाट सांगत घरी आणावं लागतं, नाहीतर तो पडला तिथेच ताटकळत राहतो. ते काम आम्हा फांद्यांचं. एका सकाळी बाबांनी मला कापलं. दुखलं, पण मेहलुलीची आई मादुबे समोर उभी होती. तिच्यापुढे मी काय कुरकुरणार?

"भावजी कुठल्या मातीत आहेत तेही ठाऊक नाही," ती म्हणाली. "याला तरी घेऊन या हो."

जोहान्सबर्गला, तो पडला होता त्या इमारतीपाशी बाबांनी मला जमिनीला टेकवलं. "मेहलुली, चल रे. आई वाट बघतेय." तिथून घरापर्यंत बाबांनी फक्त मेलेल्याशी बोलायचं, जिवंत माणसाशी एक शब्दही नाही, असा नेमच आहे.

बसमध्ये मला शेजारची जागा मिळाली. कंडक्टर हसला, "काय म्हातारबा, झाडाला खिडकी?"

"गप बस रे मेल्या!" मागून एक बाई कडाडली. "माणूस घेऊन चाललेत ते." त्यानं टोपी काढली.

सीमेवरच्या फाटकावर एका अधिकारी बाईनं मला धरलं. "झाडंझुडपं न्यायची नाहीत, बाबा. काय आहे हे?"

बाबा माझ्याकडे वळले. "मेहलुली, या बाईंना वाटतंय मी झाड नेतोय."

बाईंचा हात सैल पडला. "जा बाबा," त्या हळूच म्हणाल्या, "लवकर जा."

बाई मन बदलतील या भीतीनं बाबा धावतच बसमध्ये चढले. बस लिंपोपोच्या पुलावरून गेली. पुढे बऱ्याच अंतरावर बाबा म्हणाले, "मेहलुली, आपल्या देशात आलो..." आणि थबकले. नदी आल्याचं सांगायचंच राहिलं होतं! न सांगता नदी ओलांडली, तर मेलेला मागच्या काठावरच राहतो.

बस थांबवायला बाबांनी हातानं पत्रा बडवला. उतरले आणि एका ट्रकला हात दाखवून माघारी आले. नदीत वाळूच जास्त होती, पण मगरींचा नेम नसतो. तरी म्हातारा गुडघाभर पाण्यात शिरला, मला समोर धरून ओरडला, "मेहलुली, नदी आहे रे! पूल तुला कुठला ठाऊक? गेलास तसाच पाण्यातून ये!" आवाज फुटला, तरी हाका मारतच राहिला.

मेलेला येऊन बसला की फांदी जड होते म्हणतात. माझं वजन वाढलं का? खरं सांगते, मला कळलं नाही. मी चिंब भिजले होते.

घरी मादुबे कुंपणापाशीच उभी होती. बाबा न बोलता आत गेले आणि मागच्या भिंतीशी, पितरांच्या जागी मला ठेवलं. नेम सुटला.

"आला का हो?" मागोमाग आत येत तिनं विचारलं.

बाबांनी माझी पानं सारखी केली.

"चूल पेटव," ते म्हणाले. "पाय ओले आहेत त्याचे."

मादुबे लगबगीनं पुढे झाली. "मग चटई तरी अंथरायची! बाई गं, उभाच ठेवलाय लेकराला."

आता माझी पानं गळून गेली आहेत आणि थोड्याच दिवसांत मी नुसती काटकी होईन. माझी काही तक्रार नाही. फक्त आत याल तेव्हा जरा हळू बोला. पोरगं फार लांबून आलंय.