घरातला शेवटचा किल्ला

“आज माझ्या घरातला शेवटचा किल्ला पडणार!” पप्पांनी दोन्ही हात वर उचलून गर्जना केली.

एवढ्या मोठ्या सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. पण टाचणीऐवजी पार्किंगवाल्याचा आवाज पडला. त्याचा माईक कोणीतरी चुकून आतल्या स्पीकरला जोडून ठेवला होता. “पांढऱ्या लांब गाडीच्या मालकांना विनंती, गाडी फाटकात आडवी लावलीये, मागे रांग लागलीये, कृपया काढा.” पांढरी लांब गाडी सगळ्या शहरात एकच होती. पप्पांनी हात तसेच वर ठेवले आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हर मान खाली घालून दाराकडे सरकला. मग किल्ला पडणार असल्याचं पुन्हा एकदा जाहीर झालं, पण दुसऱ्यांदा पडणाऱ्या किल्ल्याला पहिल्याची सर येत नाही.

पप्पा म्हणजे या मंडळीचे, म्हणजे या चर्चचे, संस्थापक. त्यांना सगळेच पप्पा म्हणत, तान्ह्या पोरांपासून ते त्यांच्याहून वयानं मोठ्या आजोबांपर्यंत. त्यांच्या स्वतःच्या मुलाला तेवढं ‘सर’ म्हणावं लागे, कारण तो पगारावर होता.

तरुणपणी पप्पा गाद्या विकायचे. दुकान थोरल्या बहिणीचं, म्हणजे ताईचं. ताईचे यजमान लवकर गेले. मग तिनं दुकानही सांभाळलं आणि दुकानात झोपा काढणाऱ्या या धाकट्या भावालाही. संध्याकाळी शटर खाली ओढलं की मागच्या खोलीत पप्पा चार लोकांना जमवून प्रार्थना घेत. एकदा डोकेदुखीनं हैराण झालेला एक शिंपी आला. पप्पांनी त्याच्या कपाळावर हात ठेवून “घे!” म्हटलं आणि शिंपी मागच्या मागे आडवा झाला, तो थेट डबल गादीवर. तासाभरानं उठला तेव्हा डोकं शांत होतं. हा पवित्र आत्म्याचा गुण की गादीचा, याची चौकशी कोणी केली नाही. गादी मात्र त्यानं विकत घेतली.

तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. दुकानाच्या खोलीतून मंडळी बंद पडलेल्या थिएटरात गेली, थिएटरातून या काचेच्या सभागृहात. चॅनल आलं, पुस्तकं आली, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर पप्पांचे हसरे दात आले. पुढे एक छोटं विमानही आलं. प्रभू गाढवावरून फिरले होते, म्हणून पप्पा नम्रपणे विमानाला ‘माझं गाढव’ म्हणत.

पप्पा भोंदू होते असं मात्र कोणी समजू नये. त्यांचा स्वतःवर गाढ विश्वास होता आणि देवावरही, याच क्रमानं. आजार म्हणजे मनात शिरलेला संशय, हे त्यांचं आवडतं वाक्य. डॉक्टरांसाठी प्रार्थना करा, असं ते सांगत. बिचाऱ्यांचा धंदा बसणार याचं त्यांना मनापासून वाईट वाटे.

दर रविवारी लोक रांगेनं स्टेजवर येत. पप्पा कपाळाला हात लावत, “घे!” म्हणत, माणूस मागे कोसळे. मागे निळ्या कोटातले दोन झेलणारे उभे असत. ते बगलेत हात घालून अलगद खाली निजवत आणि एक बाई येऊन अंगावर जांभळं पांघरूण टाकून जाई. क्वचित एखादा ताठ राहिला तर पप्पा तळव्यानं थोडा रेटा देत. याला ते ‘विश्वासाला हातभार’ म्हणत. मंत्री पडले होते, पहिलवान पडले होते, बँकेचा मॅनेजर तर हात लागायच्या आधीच पडला होता.

फक्त ताई पडली नव्हती. पडायला आधी यावं लागतं, आणि ती कधी आलीच नव्हती. ती तिच्या जुन्या छोट्या चर्चला जायची. तिथं बाकं इतकी जवळजवळ होती की पडायची सोयच नव्हती. लोक बसल्याबसल्या झोपत आणि आमेनला उठत.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एका दाढीवाल्या पास्टरची मंडळी वाढत चालली होती. तो त्याच्या चॅनलवर गोड हसून म्हणायचा, “जग बरं करतो म्हणे, आणि सख्खी बहीण याच्या दारात पाऊल ठेवत नाही!” हे वाक्य पप्पांच्या जिव्हारी लागलं होतं. लोक ऐकत होते, रविवारी मागच्या रांगा विरळ दिसू लागल्या होत्या. पण खरी बोच त्याहून जुनी होती. सगळं जग पाया पडेल, नाही तर पाठीवर पडेल, पण ताई एकदा म्हणाली पाहिजे की टिल्लू, तुझं खरंय. त्याशिवाय त्यांना गोड लागत नव्हतं. म्हणून गेले काही रविवार त्यांनी ताई येणार असल्याचा गाजावाजा करून ठेवला होता आणि स्वतः ताईच्या दारी जाऊन तिला बोलावून आले होते.

“बिनतालमीचं काही ठेवू नका,” मम्मी, म्हणजे त्यांच्या पत्नी, सकाळीच म्हणाल्या होत्या. “वन्सं कोणाच्या ऐकण्यातल्या नाहीत.”

“अगं, तालीम करून का आत्मा उतरतो?”

“आत्म्याचं मी कुठं काय म्हणतेय? मी वन्संचं म्हणतेय.”

आणि आता ताई स्टेजवर येत होती. एक एक पाऊल जपून टाकत, कठड्याला धरून. मोठ्या पडद्यांवर तिचा चेहरा घराएवढा दिसत होता, आणि तो घराएवढा चेहरा आठ्या घालून दिव्यांकडे बघत होता.

“टिल्लू, किती रे हे दिवे! बिल कोण भरतं?”

सभागृह कौतुकानं हसलं. पप्पांना टिल्लू म्हणणारं माणूस जगात एकच होतं, आणि पप्पा आता दरवाजातून आडवं होऊन जावं लागेल इतके रुंद झाले होते. ते लाडानं हसले. वाद्यवृंदानं सूर धरला. झेलणारे ताईच्या मागे येऊन हात पसरून उभे राहिले. पप्पांनी डोळे मिटले, तळवा तिच्या कपाळावर ठेवला आणि छातीच्या तळापासून म्हणाले, “घे!”

काहीच झालं नाही.

पप्पांनी एक डोळा उघडला. ताई दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यांच्याकडे बघत होती, दूधवाल्याकडे बघावं तशी. वाद्यवृंदानं सूर आणखी चढवला.

“घे!” पप्पा पुन्हा गरजले आणि विश्वासाला हातभार लावला. ताईनं पाय फाकवले, टाचा रोवल्या आणि खांबासारखी उभी राहिली. पहिलवानाच्या वेळीसुद्धा एवढा जोर लागला नव्हता.

“ताई,” ते अगदी हळू म्हणाले, “डोळे मीट ना.”

“मिटले की तोल जातो.”

“अगं, तोल जायलाच हवा!”

“का?”

आजवरच्या सगळ्या प्रवचनांत या ‘का’चं उत्तर नव्हतं. ताईसमोर पप्पा नेहमी घरातलंच बोलत, आणि घरातलं बोलताना गालाला माईक चिकटलाय हे कोणाच्या ध्यानात राहतं? पहिल्या रांगेपासून वरच्या गॅलरीपर्यंत सगळे ऐकत होते. साउंडवाल्याला बटण बंद करता आलं असतं, पण तोही ऐकत होता.

“सगळे पडतात गं.”

“पडू देत की. मी पडणार नाही. डॉक्टरांनी बजावलंय.”

“कुठले डॉक्टर?”

“ज्यांनी खुब्याचं ऑपरेशन केलं ते. आत पोलादाचा सांधा बसवलाय. परत पडलात तर माझ्याकडे येऊ नका म्हणाले.”

पप्पांच्या घरात ऑपरेशन? सख्ख्या बहिणीचं? एका बाईनं तोंडावर हात ठेवला. एका माणसानं आपल्या आईकडे वळून पाहिलं. तिच्या गुडघ्याच्या गोळ्या त्यानं पप्पांच्या शब्दाखातर मागच्याच महिन्यात बंद केल्या होत्या.

पप्पांचा तळवा अजून ताईच्या कपाळावरच होता. तो काढायचा असतो हे ते विसरले होते.

“ऑपरेशन? तुझं? कधी?”

“मागच्या वर्षी. बाथरूममध्ये पडले ना. तू तेव्हा गाढवावर बसून कुठंतरी गेला होतास.”

“मला कोणी कसं सांगितलं नाही?”

“मी केला होता की फोन तुझ्या ऑफिसात. केव्हाही करावा, ती गोड आवाजाची मुलगी म्हणायची, पप्पा तुमच्यासाठी प्रार्थना करताहेत. मग एक दिवस फुलं आली. एवढं मोठं गोल चक्र! नर्स धावत येऊन मलाच विचारते, आजी, कोण गेलं?”

कोणी हसलं नाही. पप्पांनी पहिल्या रांगेतल्या मम्मींकडे पाहिलं. मम्मी दिव्यांकडे बघत होत्या. गोड आवाजाची मुलगी चपलेच्या पट्ट्याशी खेळत होती. मुलगा, पगारावरचा, फोनमध्ये डोकं घालून बसला होता. पप्पांच्या लक्षात आलं की ही बातमी सगळ्यांना होती. फक्त त्यांच्यापासून लपवली होती. त्यांच्याच भल्यासाठी. बहिणीच्या हाडात पोलाद घालावं लागलं हे कळलं तर पप्पांचा विश्वास डळमळेल, असं या सगळ्यांनी बसून ठरवलं असणार, कदाचित चहा पिता पिता.

पण कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता, आणि इतक्या वर्षांची सवय अंगात एकटीच धावत होती.

“ताई, पड ना,” ते म्हणाले, आणि आवाज गर्जनेचा नव्हता. “एकदाच. माझ्यासाठी. मागे ही माणसं आहेत, झेलतील तुला.”

“आणि नाही झेललं तर?”

“आजवर कोणाला खाली टाकलं नाही त्यांनी.”

“एवढी खात्री आहे?”

“म्हणजे काय!”

“मग तू पड,” ताई म्हणाली.

“मी?”

“तूच. सोपं असेल तर दाखव करून. मग मी बघते.”

पप्पा पडणारे नव्हते, पाडणारे होते. त्यांच्या कपाळाला कधी कोणी हात लावला नव्हता. लावायची कोणाची छाती झाली नव्हती. मम्मींनी पुढे होऊन मान जोरात हलवली. पण पप्पांना मम्मी दिसल्या नाहीत. दाढीवालाही आठवला नाही. समोर ताई होती, आणि ती म्हणाली होती, मग मी बघते. एवढं पुरे होतं. या एका गोष्टीवर त्यांचा विश्वास अगदी खरा होता, कुठलाही हातभार न लावता. माणूस मागे पडला की त्याला कोणीतरी झेलतं. त्यांनी हे डोळ्यांनी इतक्या वेळा पाहिलं होतं की त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती.

त्यांनी हात पसरले, डोळे मिटले आणि झाडासारखे मागे गेले.

झेलणारे ताईच्या मागे उभे होते. पप्पांच्या मागे कोणी नव्हतं. तिथं उभं राहायचं काम कधी कोणाला नेमूनच दिलेलं नव्हतं.

‘धाड!’ असा जो आवाज झाला तो माईकनं इमानदारीनं सगळ्या स्पीकरांत पोचवला. सिंथेसायझरवाल्याचा हात दचकून एका पट्टीवर पडला आणि तिथंच राहिला. झेलणारे जागच्या जागी हात पसरून उभेच. पांघरूणवाली बाई सवयीनं पुढे आली, पप्पांच्या अंगावर जांभळं पांघरूण टाकलं, नीट सारखं केलं आणि मग आपण कोणावर काय टाकलंय हे ध्यानात येऊन किंचाळली.

“पप्पांना दर्शन होतंय!” मम्मींनी स्टेजवर धावत येऊन दुसरा माईक ओढून घेतला. त्यांची बुद्धी घरात सगळ्यांत चपळ. “शांत राहा! प्रभू पप्पांशी बोलताहेत!”

सगळे उभे राहिले. काही रडू लागले. गॅलरीत फोन वर झाले.

पप्पा छताकडे बघत होते. हे छत त्यांनी इतक्या लोकांना बघायला लावलं होतं, स्वतः आजच बघत होते. वर तारांची भेंडोळी होती, आणि स्टेजवर लटकणारं सोनेरी कबूतर खालून प्लायवूडचं होतं. रंग फक्त समोरून दिलेला. लोक साक्ष देताना सांगत तसा उबदार प्रवाह अंगातून कुठेच वाहत नव्हता. कमरेपासून मानेपर्यंत एक कळ मात्र वाहत होती. आणि त्यांना वाटलं, ताईसुद्धा अशीच पडली असणार, ओल्या फरशीवर.

“ताई,” त्यांनी पडल्यापडल्या विचारलं, “तुला कोणी उचललं गं?”

“वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूनं. तो कामावरून आल्यावर.”

“आणि पडलीस कधी?”

“सकाळी,” ताई म्हणाली.

पप्पांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहू लागलं. पडद्यावर ते पाणी ओहोळाएवढं दिसलं आणि सभागृहात हुंदक्यांची लाट उठली. मम्मी गुडघ्यांवर बसल्या, माईक नवऱ्याच्या तोंडाशी धरला आणि थरथरत्या आवाजात म्हणाल्या, “पप्पा, बोला! प्रभूनं काय दाखवलं? सगळी मंडळी ऐकतेय!”

खरंच सगळी ऐकत होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला दाढीवालाही टीव्हीच्या पुढ्यात येऊन बसला होता. साउंडवाल्यानं एक अक्षरही वाया जाऊ नये म्हणून आवाज पूर्ण चढवला.

ताईला वाकायची मनाई होती. ती कठड्याला धरून जमेल तेवढी झुकली. “टिल्लू,” ती म्हणाली, “फार लागलं का रे?”

पप्पांचे ओठ हलले. मम्मींनी माईक आणखी जवळ नेला.

“ताई, तुझ्याकडे बाम आहे का गं?”