कांद्यासारखा कांदा

“कांदा कुणी हलवला?”

सिस्टरनी हे विचारलं तेव्हा पायांतल्या चपलासुद्धा काढलेल्या नव्हत्या. दाताच्या डॉक्टरकडून आल्या होत्या, अर्धा गाल अजून बधिर होता. नवरा सोफ्यावर पेपर वाचत होता. त्याने पेपर खाली केला नाही.

“कुठला कांदा?”

“टेबलावरचा. दोन होते.”

“हां, तो होय. एक चिरला. खाऱ्या दाण्यांवर. उद्या दुसरा आणून ठेवतो, त्यात काय! कांद्यासारखा कांदा.”

सिस्टर टेबलापाशी गेल्या. टवका उडालेला पांढरा जग, हॉस्पिटलातला काजूच्या आकाराचा स्टीलचा ट्रे आणि उरलेला कांदा, तिन्ही उंचीप्रमाणे भिंतीला लावून ओळीत उभे केले होते. बाकीच्या टेबलावर चहाचे चार कप, बशीत कांद्याची सालं आणि विस्कटलेले पत्ते.

“अगं, आम्ही चौघं होतो. डाव मांडायचा कुठे? उचललं, खेळलो, परत ठेवलं. जसं होतं तसं.”

“आणि खडूच्या खुणा?”

“ते डाग? ओल्या फडक्याने पुसून काढले. म्हटलं, तुझं काम वाचेल.”

सिस्टर खुर्चीवर बसल्या. त्या निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरात काढलेली, त्यामुळे शेजारपाजारचे, दुकानदार, सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. चित्रकलेच्या वर्गातही त्या सिस्टरच होत्या. तिथल्या बाई त्यांच्या निम्म्या वयाच्या. सिस्टरनी काढलेला पहिला कप बाईंनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, “हा तुम्ही आठवून काढलाय, बघून नाही. कपाचं तोंड गोल असतं हे माहीत आहे म्हणून गोल काढलंत. इथे बसून गोल दिसतंय का?” दिसत नव्हतं. चपटं दिसत होतं, अर्धवट मिटलेल्या डोळ्यासारखं. पुढच्या वेळी बाई म्हणाल्या, “दोन वस्तूंमधल्या रिकाम्या जागेलाही आकार असतो. आधी ती काढा.” हे मात्र सिस्टरना समजावून सांगावं लागलं नाही. चिमटा आणि कात्री यांच्यात किती बोटं अंतर हवं, म्हणजे न बघता हात पोचतो, हे त्यांच्या हाताला पाठ होतं.

दोन सकाळी त्या या टेबलापाशी चित्र काढत बसल्या होत्या. कांद्याची तांबूस सावली ट्रेच्या स्टीलमध्ये उतरत होती, ती काल कुठे जरा जमली होती. प्रत्येक वस्तूभोवती त्यांनी खडूने खूण केली होती. “चार दिवस कशाला हात लावायचा नाही,” असं नवऱ्याला दोनदा बजावलं होतं. दोन्ही वेळा तो “हो हो” म्हणाला होता.

“तुम्हाला मी सांगितलं होतं,” सिस्टर म्हणाल्या. आवाज बारीक निघाला, त्याचाच त्यांना जास्त राग आला.

“अगं, एवढं काय त्यात? चित्रच तर आहे. कुणाचा जीव थोडाच जाणार होता?”

या घरात त्यांच्या शिवणाच्या कात्रीने दुधाच्या पिशव्या कापल्या होत्या. त्यांची पुस्तकं डुगडुगणाऱ्या कपाटाखाली गेली होती. नाइट ड्यूटी करून त्या झोपलेल्या असताना उशाशी रेडिओ लागला होता. तिकडे थिएटरात मात्र मोठमोठे सर्जन त्यांच्या ट्रेजवळ हात न्यायला कचरत.

“एकतीस वर्षं लोक माझं ऐकायचे, कारण जीव जाईल,” सिस्टर म्हणाल्या. आता आवाज बारीक नव्हता. “जीव जाणार नसेल तर माझं ऐकायचंच नाही, असं आहे का?”

नवऱ्याने पेपर खाली केला. मग तो उठला आणि म्हणाला, “बरं, हे कप तरी उचलतो.”

“हात लावू नका!”

हा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. पुढे केलेला हात हवेतच राहिला.

सिस्टरनी खडू आणला. चारही कपांभोवती गोल काढले. बशीभोवती, पसरलेल्या पत्त्यांभोवती, भिंतीला लावलेल्या त्या तिघांभोवतीही. “शुक्रवारपर्यंत,” त्या म्हणाल्या आणि जुना कागद काढून फळीवर नवा लावला.

मंगळवारी सकाळी पेन्सिल इतकी जोरात टेकली की कागद फाटला. दुसरा घेतला. आधी दोन कपांमधली फट काढली, मग पत्ते आणि बशी यांच्यातली. कपांच्या तळाशी चहाचा तपकिरी पापुद्रा सुकत होता, त्याचा रंग सापडायला सबंध सकाळ गेली.

बुधवारी मुंग्या आल्या.

“वास सुटलाय गं,” नवरा म्हणाला.

“सुटू द्या.” त्यांनी चित्रात मुंग्यासुद्धा काढल्या.

गुरुवारी त्याचा पत्त्यांतला दोस्त दारात उभा राहिला. सिस्टरनी दार अर्धंच उघडलं. “टेबल रिकामं नाही.” त्याने त्यांच्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं. ज्यात सिगारेटचं थोटूक बुडवलेलं होतं, तो कप त्याने ओळखला.

“वहिनी, तो माझा... आत्ता धुऊन टाकतो.”

“उद्या दुपारी या आणि धुवा.”

तो खरंच येईल असं सिस्टरना वाटलं नाही. वर्गातल्या बाई या चित्राला काय म्हणतील, तेही माहीत नव्हतं. राग काही गेला नव्हता. पण आता तो हाताला ढकलत नव्हता, मागे नुसता बसून होता.

शुक्रवारी सकाळी नवऱ्याने ओट्याशी उभ्यानेच खाल्लं. मग चहा घेऊन बाल्कनीकडे निघाला, भिंतीला अंग घासत, तिरका तिरका. खिडकीपाशी येऊन थांबला.

“माझी सावली पडतेय का?”

“पडतेय,” सिस्टर मान वर न करता म्हणाल्या.

तो एक पाऊल मागे सरकला. हातातला चहा निवत गेला, पण कुंचला वर उचलला जाईपर्यंत तो तिथून हलला नाही.