पाणी न बदललेले दगड

त्याला घरात सगळे पाणक्या म्हणायचे. नाव आजोबांनी ठेवलेलं. आजोबा शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते, आणि सुट्टी मिळाली की समुद्रावर जाऊन दगड गोळा करायचे. साधे नव्हेत हं, शिंपल्यांचे, शंखांचे ठसे उमटलेले, लाखो वर्षांपूर्वीचे. आणलेला दगड महिनाभर गोड्या पाण्याच्या बादलीत ठेवायचा आणि पाणी रोज बदलायचं, तेव्हा कुठे आत मुरलेलं मीठ निघतं. पाणी बदलायचं काम नातवाकडे होतं.

हाच पाणक्या मोठेपणी फरशीवाला झाला आणि त्याने काय दिवे लावले ते ऐका. आजोबा जाऊन सहा महिने झाले होते. तो स्वतःच्या घरचं न्हाणीघर नव्याने करायला बसला आणि ऐन रविवारी फरशीखाली घालायचा भराव कमी पडला. दुकानं बंद होती. खाटेखाली आजोबांच्या दगडांच्या तीन पेट्या होत्या. त्याने क्षणभर विचार केला, आणि खरं सांगायचं तर क्षणभरही केला नाही. तिन्ही पेट्या ओतल्या, वर सिमेंटचा कोबा केला, कोब्यावर फरशी बसवली. काम मात्र देखणं झालं.

पुढे वर्षभर त्याला त्या दगडांची आठवणही आली नाही. मग आत्याचा फोन आला, पुढच्या आठवड्यात येते म्हणून. तिला एकच गोष्ट न्यायची होती. ती नऊ वर्षांची असताना तिच्या बाबांबरोबर, म्हणजे आजोबांबरोबर, तिला सापडलेला, कडेला टवका उडालेला शंखाचा दगड. आहे ना रे, असं तिने विचारलं. पाणक्या म्हणाला, आहे की, कुठे जातोय.

फोन ठेवला आणि त्याची पाचावर धारण बसली. चार दिवस कामाला दांडी मारून तो ओहोटीच्या वेळी कड्याखाली दगड वेचत फिरला. तिसऱ्या दिवशी त्याला एक फार सुंदर ठसा सापडला. सवयीने तो आजोबांना दाखवायला मागे वळला, आणि मागे नुसती वाळू बघून इतका ओशाळला की तो दगड खिशात टाकताना त्याने इकडेतिकडे पाहिलं.

शेजारच्या शिंपीणबाईंनी हे सगळं बघितलं होतं. आत्या आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं, तुमचा भाचा आजोबांच्या आठवणीत रोज समुद्रावर जातो हो, अशी मुलं आता कुठे राहिलीत. आत्याचे डोळे भरून आले. तिने पाणक्याच्या पाठीवरून हात फिरवला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं त्याला झालं. तरी वेचून आणून फळीवर मांडलेले ते दगड आजोबांचेच, असं त्याने सांगितलं. आत्या म्हणाली, घाई नाही, माझा मीच शोधीन. न्हाणीघर बघून तिने फरशीचंही कौतुक केलं. पाणक्याने तिला बजावलं की फरशी गुळगुळीत आहे, तुझे गुडघे दुखतात, रबरी चपला घालूनच आत जात जा.

आत्या आल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी ती फळीपुढे उभी होती. दगडांवर पांढरी भुकटी आली होती. तिने त्यावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. पाणक्या दारातच थबकला. ती भुकटी कसली ते त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. सगळ्या जगाने विसरावं आणि पाणक्याने लक्षात ठेवावं अशी ती गोष्ट, आणि नेमका तोच विसरला होता.

"हे बाबांचे नाहीत," आत्या म्हणाली. "त्यांचे कुठे आहेत?"

वेळ मारून न्यायला अजूनही एखादी थाप सुचली असती. पण त्याला स्वतःचीच किळस आली.

"न्हाणीघरात. फरशीखाली."

"माझाही?"

"सगळे. भराव कमी पडला होता, आत्या."

ती रागावली असती तर त्याला सोसलं असतं. तिने पदराने बोट पुसलं, बराच वेळ ते पुसतच राहिली. मग म्हणाली, "यांना तरी पाण्यात घाल," आणि हातपाय धुवायला गेली.

पाणक्याने माळ्यावरून आजोबांची बादली काढली. एकेक दगड आत ठेवला आणि ती भरायला तो न्हाणीघराशी आला. आतून पाण्याचा आवाज येत होता. आत्याच्या रबरी चपला, देवळाबाहेर काढाव्यात तशा, दाराबाहेर काढून ठेवलेल्या होत्या.

तो तसाच मागे फिरला आणि बादली स्वयंपाकघरातल्या नळाखाली लावली.