दारासमोरची जागा

गाडी आईसाठी घेतली, हे कवळीवाला भेटेल त्याला सांगायचा. कोणी विचारलेलं नसायचं, तरी सांगायचा. आणि ते खोटंही नव्हतं. आईचं कमरेचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि तिला बसची पायरी चढवेना. त्याआधी ती दर आठवड्याला दोन बस बदलून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, वृद्धाश्रमात राहणाऱ्या आपल्या थोरल्या बहिणीकडे जायची. दोघी मिळून सगळ्या नातेवाइकांची सालं काढायच्या आणि संध्याकाळी आई ताजीतवानी होऊन परतायची. ते सगळं थांबलं. आई खिडकीत बसायला लागली, आणि एक दिवस म्हणाली, "ताईला आता मी थेट वरच भेटणार बहुतेक." झालं! पोराला ते असं लागलं की महिन्याभरात त्यानं एक जुनी, छोटी, निळी गाडी आणून उभी केली.

त्याला कवळीवाला म्हणायचे, कारण तो एका दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचा. हात मोठा सफाईचा. थोरल्या मावशीच्या तोंडातली कवळीही त्यानंच केलेली होती. मावशी ती लावून आरशात बघायची आणि म्हणायची, "बाळ्या, लग्नात सुद्धा माझे दात इतके बरे नव्हते रे."

आता गाडी विकत घेणं काय, सोपं असतं हो. ती ठेवायची कुठे, हे या शहरात आधी कोणी सांगत नाही. शेजारच्या इमारतीच्या तळघरात जागा भाड्यानं मिळत होत्या. भाडं ऐकल्यावर त्यानं रखवालदाराला पुन्हा विचारलं, "मी खोलीचं नाही, गाडीचं विचारतोय." रखवालदार म्हणाला, "मीही गाडीचंच सांगतोय." मग त्यानं रस्त्यावर गाडी लावता यावी म्हणून पालिकेकडे पैसे भरून काचेवर लावायचा स्टिकर आणला. स्टिकर म्हणजे जागा नव्हे बरं का, जागा शोधत फिरायची परवानगी. त्यावर विमा, कर, टायर, आणि चुकून अर्धं चाक मनाईच्या पिवळ्या रेघेवर गेलं की दंड. बायकोनं बेकरीच्या काउंटरवर रविवारची जादा पाळी घेतली. लेकीचं पोहणं बंद झालं. तिला सांगितलं, पुढच्या वर्षी बघू.

बायको एकदा फाडकन बोललीच. "ही गाडी महिन्याला जेवढं खाते ना, तेवढ्यात आईंना दर आठवड्याला टॅक्सीनं नेऊन आणता येईल. वर टॅक्सीवाल्याला चहासुद्धा पाजता येईल."

"टॅक्सी परकी. आपली ती आपली."

"आपली कसली? आई शेवटच्या कधी गेल्या मावशींकडे, सांग बघू."

सुरुवातीला गेले होते ते. पण जाणं सुखाचं आणि येणं नाकी नऊ आणणारं. परत आल्यावर जागा मिळायची नाही. मागच्या सीटवर आई कमरेला हात लावून बसलेली, आणि हा आपला गल्लीमागून गल्ली फिरतोय. एकदा तर इतक्या लांब जागा मिळाली की चालता चालता आई एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली आणि उठायलाच तयार होईना. "तू जा पुढे, मी इथेच राहते," असं म्हणून रडायला लागली. रस्त्यावरची माणसं बघत होती. त्या दिवशी त्यानं ठरवलं, दारासमोर जागा मिळाल्याशिवाय आईला कुठे न्यायचं नाही.

आणि एका संध्याकाळी ती जागा मिळाली. अगदी दारासमोर, दिव्याचा खांब आणि कचऱ्याचे डबे यांच्या मधोमध. तिथे मोठी गाडी मावायची नाही, ह्याची निळी मात्र नेमकी बसली. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून आईनं ते पाहिलं आणि चक्क टाळ्या वाजवल्या. तोही वर बघून हसला. इतका आनंद त्याला गाडी घेताना सुद्धा झाला नव्हता.

गंमत बघा, त्या दिवसापासून गाडी तिथून हलली नाही.

कशी हलणार? हलवली की जागा गेली. आणि जागा गेली तर ज्या दिवशी आईला खरंच गरज लागेल, त्या दिवशी तिला कुठून चालवत न्यायचं? असा त्याचा सरळ हिशोब. कामाला तो बसनं जायचा. संध्याकाळी येऊन गाडीवरची पाखरांची घाण पुसायचा. आठवड्यातून एकदा आत बसून जागच्या जागी इंजिन सुरू करायचा, बॅटरी उतरू नये म्हणून. बायको म्हणायची, "हिला पाणी घालत जा, फांद्या फुटतील." आई सुद्धा त्यात सामील झाली होती. खिडकीत बसून दिवसभर गाडीवर नजर. कोणी टेकून उभं राहिलं की काचेवर टकटक करायची.

तळमजल्यावर एक नळवाला राहायचा, नळदुरुस्ती करणारा. त्याचा निळ्या गाडीएवढाच छोटा टेम्पो कायम लांब कुठेतरी लावलेला असायचा आणि पाइपांचं ओझं खांद्यावरून वाहत तो येता-जाता ह्या जागेकडे बघायचा. "काय, गाडीला गल्लीबाहेरचं ऊन दाखवता का कधी?" असं एकदा हसून म्हणालाही. झालं, कवळीवाल्यानं त्याच्याशी बोलणंच टाकलं. ह्याचा डोळा आहे आपल्या जागेवर, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

तर एका मंगळवारी थोरल्या मावशीचा फोन आला. आईनं कानाला धरला आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला.

"ताईची कवळी बोचतेय," फोन ठेवून ती म्हणाली. "जेवता येत नाही म्हणते. तुला घेऊन ये म्हणाली. आवाज फार बारीक झालाय रे तिचा. नेतोस का उद्या?"

"उद्या? उद्या नको आई. कामाच्या दिवशी जागेची कशी मारामारी असते तुला माहितेय. आणि सोमवारी तुझी दवाखान्यात तपासणी आहे. आता गाडी काढली तर सोमवारी चौकापर्यंत चालावं लागेल तुला. रविवारी जाऊ. रविवारी ऑफिसवाल्यांच्या गाड्या नसतात, परत आल्यावर जागा मिळेल."

आईनं खाली गाडीकडे बघितलं. "बरं," म्हणाली. तिनं हट्ट केला असता तर? हे त्यानं नंतर स्वतःला फार वेळा विचारलं. पण आई हट्ट करणाऱ्यातली नव्हती.

त्याला काळजी नव्हती असं मुळीच नाही. गुरुवारी कामावरून सुटल्यावर तो एकटाच बसनं मावशीकडे गेला. दोन बस, मग चढण. मावशी पलंगावर उशीला टेकून बसली होती. कवळी काढून पेल्यात ठेवलेली, आणि तोंडावर आडवा हात.

"माझं तोंड बघू नकोस रे असलं."

"मावशी, माझा धंदाच आहे तो. उघड बघू."

खालच्या हिरडीवर डावीकडे लालभडक चट्टा पडला होता. मावशी वाळली होती, हिरडी आटली होती आणि कवळी सैल होऊन तिथे घासत होती. त्यानं कवळीवर पेन्सिलीनं खूण केली, कागदात गुंडाळली आणि खिशात ठेवली. "रविवारी घासून आणतो. तोवर पातळ काहीतरी पीत राहा."

"ते होईल रे. पण तिला नाही आणलंस?"

आता खरं काय ते सांगायचं, तर गाडी ठणठणीत आहे, दारात उभी आहे आणि तुझी बहीण तिच्यावर पहारा देत वर बसली आहे. पलंगावरच्या माणसाला असलं काही सांगवतं का? त्याच्या तोंडून निघून गेलं, "गाडी बिघडलीय मावशी."

आणि मावशीनं उलट त्याचीच समजूत घातली. "यंत्रच ते, बिघडायचंच. जीवाला लावून घेऊ नकोस. नीट झाली की आण तिला. मी काय, इथेच आहे."

बसमध्ये त्याला भयंकर वाईट वाटलं. पण रविवार काय लांब होता? शुक्रवारी लॅबमध्ये त्यानं इतर सगळी कामं बाजूला सारली. कवळीच्या आत पातळ नवा थर दिला, खूण केली होती तिथे जपून घासली, पॉलिशच्या फिरत्या चाकावर चकचकीत केली. जिभेनं तपासावी तशी बोटानं पुन्हा पुन्हा तपासली. कुठे कंगोरा राहिला नव्हता.

शनिवारी सकाळी वृद्धाश्रमातून फोन आला. मावशी रात्री झोपेतच गेली होती.

आई लगेच उठली. चपला घालायला लागली आणि तिला चप्पल सापडेना, तर बायकोनं वाकून तिच्या पायात घातली. कवळीवाला खाली धावला, चावी फिरवली. एका फटक्यात सुरू झाली हो गाडी. बंद पडली असती तर बरं, असं त्याला वाटून गेलं. निदान मावशीला सांगितलेलं खरं झालं असतं. आईला त्यानं चार पावलांत आत बसवलं, ठरवलं होतं अगदी तसं. रस्ता मोकळा होता. अर्ध्या तासाच्या आत ते पोचले.

मावशीचे गाल आत गेले होते. तोंड बारीक झालं होतं, ओळखू येऊ नये इतकं. आई तिच्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "आणलीस का?"

त्यानं खिशातून कवळी काढली.

"लाव तिला. अशी ती कोणासमोर यायची नाही."

त्यानं लावली. कवळी बरोब्बर बसली. गाल भरले, आणि मावशी पुन्हा मावशीसारखी दिसायला लागली. "आता बोचणार नाही," असं तो सवयीनं बोलून गेला, आणि मग त्याला हुंदका आवरेना.

तिथली नर्स भली बाई होती. आईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तुमच्याच नावाचा जप चालला होता हो. काल संध्याकाळी सुद्धा दोनदा विचारलं त्यांनी, बहिणीची गाडी नीट झाली का म्हणून. कालच झाली का नीट?"

आईनं मान वळवून लेकाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. "हो," आई नर्सला म्हणाली. "नीट झाली."

दुपारी सगळं आटोपून ते परत निघाले. आई मागच्या सीटवर, खिडकीला डोकं टेकून. तो आरशात तिच्याकडे बघायचा आणि नजर काढून घ्यायचा. गल्लीशी आल्यावर त्यानं गाडी हळू केली आणि दोन्ही बाजूंना जागा बघायला लागला. आता किती फिरावं लागणार, आणि आज आईला कसं चालवायचं?

दारासमोरची जागा रिकामी होती.

अगदी रिकामी नव्हती. दिव्याचा खांब आणि कचऱ्याचे डबे यांच्या मधोमध, उलट्या घातलेल्या बादलीवर नळवाला बसला होता. निळी गाडी दिसताच उठला, बादली उचलली आणि हातानं या, या करत मागे सरला. शनिवार असून कामावर गेला नव्हता तो.

"वहिनींनी सकाळी सांगितलं," कवळीवाल्यानं काच खाली केल्यावर तो म्हणाला. "म्हटलं, आजींना आज चालायला लावायचं नाही. बसून राहिलो." मग जरा घुटमळून म्हणाला, "अहो, आधी कधी का नाही सांगितलंत? तुम्ही खुशाल जाऊन यायचंत. मी टेम्पो लावला असता इथे आणि तुम्ही आल्यावर काढला असता. त्यात काय एवढं?"

मागच्या सीटवर आईनं ते ऐकलं. कवळीवाल्यानं गाडी लावली, आणि आई उतरताना नळवाल्याला म्हणाली, "देव तुझं भलं करो बाबा." लेकाचा हात मात्र तिनं धरला नाही. कठडा धरून एकटीच जिना चढली.

रविवारी तिनं आपली खुर्ची खिडकीतून काढून आतल्या भिंतीशी नेली. तो समोर बसून म्हणाला, "आई, काहीतरी बोल. शिव्या दे, पण बोल." ती म्हणाली, "काय बोलू? माझ्यासाठीच करत होतास तू." तिच्या आवाजात राग असता तर त्याला सोसलं असतं. तसा तो नव्हता.

सोमवारी तपासणीचा दिवस. तो लवकर उठला, गाडीची काच पुसून आला, मागच्या सीटवर उशी ठेवली. आई तयार होऊन काठी घेऊन दाराशी उभी होती.

"चल आई. गाडी दारातच आहे."

"टॅक्सी बोलव," आई म्हणाली.

"अगं, गाडी खाली उभी आहे की!"

"राहू दे तिला," आई म्हणाली. "जागा जाईल."