ओळखीचं वजन

माझे सासरे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांतून काटे तपासण्यात त्यांची नोकरी गेली. काटा खोटं बोलत नाही, खोटं बोलतो तो माणूस, यावर त्यांचा ठाम विश्वास. त्यामुळे आमच्या सात आसनी मोटारीची पुढची डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं खाली बसलेली दिसली, तेव्हा गाडीत काही बिघडलं असेल अशी शंका त्यांच्या मनाला शिवलीसुद्धा नाही. त्यांनी न्हाणीघरातला वजनकाटा बाहेर आणला.

आम्हा सगळ्यांचं वजन झालं. माझं, नवऱ्याचं, नणंदेचं, सासूबाईंचं. पर्स वेगळी, चपला वेगळ्या. एक तक्ता तयार होऊन फ्रिजवर चिकटला. सासूबाई लग्न झाल्यापासून प्रत्येक गाडीत पुढे डावीकडे बसत आल्या होत्या. वजन अडुसष्ट किलो. सासऱ्यांनी त्या आकड्याखाली तांबड्या पेनाने रेघ ओढली आणि म्हणाले, "हे बघ, मी तुला दोष देत नाही. काटा देतोय."

आधी सासूबाईंची पर्स उजवीकडे गेली. मग त्या स्वतः उजवीकडे मागे गेल्या. टेपने मोजलं तर मडगार्ड अजून दोन बोटं खालीच. नवऱ्याला उजव्या दाराला चिकटवलं, त्याच्या मागे मला बसवलं आणि माझ्या मांडीवर दहा किलो तांदळाची पिशवी दिली. तरी दोन बोटं. सासऱ्यांनी चार दिवस विचार केला आणि पाचव्या दिवशी चहाच्या वेळी निकाल दिला.

"गाडीला ओळखीचं वजन जाणवतं," ते सासूबाईंना म्हणाले. "इतकी वर्षं तू त्या बाजूला बसलीस. आता तू कुठेही बस, तू आत आलीस की ती वाकते. थोडे दिवस घरी थांब. तिची सवय मोडू दे."

"आणि रिकामी उभी असते तेव्हा?" मी विचारलं. मला राहवत नाही.

"तेव्हा तिला आठवण येते."

नवरा कपात बघत राहिला. तो बाबांपुढे बोलत नाही आणि माझ्यापुढे तर त्याची मुळीच प्राज्ञा नाही. सासूबाईंनी कप उचलले, विसळले, पालथे घातले. मला त्यांचा राग आला आणि मग लगेच स्वतःचा आला, कारण पुढच्या रविवारी मीही तांदूळ घेऊन गुमान गाडीत बसले.

थोडे दिवस म्हणता म्हणता आठ महिने झाले. आम्ही तळ्यावर गेलो, बारशाला गेलो, नणंदेच्या मैत्रिणीचं नवं घर बघून आलो. त्या तांदळाने माझ्या सासूबाईंपेक्षा जास्त गावं पाहिली. सासूबाई खिडकीशी उभ्या राहून हात हलवायच्या आणि आम्ही परतलो की विचारायच्या, "काय म्हणत होते सगळे?"

इकडे सासऱ्यांची देखभाल जोरात होती. कुठल्याशा पुस्तकात त्यांनी वाचलं होतं की बॉनेटचा कोपरा जोराने दाबून सोडायचा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक, झुलत राहिली तर वाईट. ते रोज सकाळी दाबायचे आणि मोठ्याने मोजायचे. डावा कोपरा चार-चार वेळा झुलायचा आणि ते म्हणायचे, "उत्साह आहे अजून." मग ही परीक्षा घरात शिरली. सोफा दाबून झाला, गाद्या दाबून झाल्या. विम्याचा माणूस आला तर त्याच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवून त्यांनी त्याला खाली दाबलं, सोडलं आणि मोजलं. तो पुन्हा आलाच नाही. "एकदाच वर आला," सासरे समाधानाने म्हणाले. "उत्तम माणूस."

गाडी वेगरोधकावरून गेली की डाव्या चाकातून ठाक असा आवाज यायचा. दार कुणीतरी आतून ठोठावतंय असा. त्याचंही त्यांच्याकडे उत्तर होतं, आणि ते काय असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

मग मावशींचा फोन आला. मावशी म्हणजे सासूबाईंची एकुलती एक बहीण, दोन तासांच्या अंतरावर राहणारी. मुलगा त्यांना कायमचं परदेशी नेत होता. रविवारी विमान. गुडघ्यांमुळे त्यांना येणं शक्य नव्हतं. "तू शनिवारी ये," त्या म्हणाल्या. "नंतर काही आपली भेट होत नाही."

"शनिवारी आपण सगळे जाऊ," सासरे म्हणाले, "आणि तिथून तुला व्हिडिओ कॉल लावू. अगदी समोर बसल्यासारखं दिसतं."

सासूबाई टॅक्सीने जाऊ शकल्या असत्या. मी तसं म्हटलंही. "मी माझ्या घरच्या गाडीतून जाईन," त्या म्हणाल्या, "नाहीतर जाणार नाही." आवाज चढलेला नव्हता.

मंगळवारी सकाळी मी किल्ली घेतली. "चला," मी सासूबाईंना म्हटलं, आणि त्या पायात आल्या त्या चपला घालून निघाल्या. पुढे डावीकडे बसल्या. आम्ही फाटकापाशी पोहोचतो तोच सासरे एका हातात वजनकाटा आणि दुसऱ्यात तक्ता घेऊन धावत आले आणि मागचं दार उघडून आत बसले. गॅरेजपर्यंत एकटी गाडीच ठाकठाक बोलत होती.

गॅरेजवाला कमी बोलणारा माणूस. त्याने डावा कोपरा दाबला, झुलणं बघितलं, गाडी वर उचलली आणि चाक काढलं. चाकाआड एक जाड नळी उभी होती आणि तिच्याभोवती स्प्रिंग. तो म्हणाला, "हा स्ट्रट. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते, नळीतलं तेल तिचं झुलणं थांबवतं." मग तो बॅटरी लावून बघतच राहिला. आजूबाजूला सगळा चिखल आणि ती नळी लख्ख चकाकत होती.

"ही कोणी पुसली?"

"मी," सासरे म्हणाले. "रोज सकाळी. जुन्या बनियनने."

"का?"

"तेल येतं ना तिच्यावर. अस्वच्छ दिसतं."

गॅरेजवाला काढलेल्या चाकावर बसला. "काका, तेल आत राहायचं असतं. बाहेर आलं म्हणजे नळी गेली. तेवढी एक खूण असते आमच्याकडे, ती तुम्ही रोज पुसलीत."

"पण ती कलते ते..."

"ते तेलाने नाही." त्याने स्प्रिंगच्या तळाशी बोट घातलं आणि हिसका दिला. वेटोळ्याचा वीतभर तुकडा खाली पडून घरंगळत सासूबाईंच्या चपलेला लागला. "स्प्रिंग तुटली. आत कोणी बसो न बसो, ही बाजू खालीच राहणार. आवाजही हिचाच."

सासूबाईंनी तुकडा उचलला. सासऱ्यांच्या हातातला काटा घेऊन जमिनीवर ठेवला आणि तुकडा त्यावर ठेवला. काट्याने काहीच दाखवलं नाही. इतक्या हलक्या वस्तूची तो दखलच घेत नाही.

"लिहा," त्या म्हणाल्या. "पुढे डावीकडे. शून्य."

सासऱ्यांनी खरोखरच पेन काढलं. तक्ता उलगडला आणि थांबले. त्यांच्या खांद्यावरून सासूबाई वाचत होत्या. "तुम्ही कुठे आहात ह्यात?"

"मी चालवतो. चालवणारा गाडीचाच भाग धरतात."

"उभे राहा."

ते काट्यावर उभे राहिले. एक्क्याण्णव. गॅरेजवाला एकदम नटबोल्ट शोधायला लागला.

"डावा एकच बदलू," सासरे बारीक आवाजात म्हणाले. "उजवा ठणठणीत आहे."

"जोडीने बदलायचे असतात," गॅरेजवाला म्हणाला. "एक नवा आणि एक थकलेला, गाडी सरळ जात नाही. स्प्रिंगाही दोन्ही घाला. मग चाकांचा कोन जुळवून देतो. आणि काका, पुसू नका. नुसतं बघत जा. ओलं दिसलं की या."

शनिवारी सकाळी गाडी सपाट उभी होती. सासऱ्यांनी टेप लावली, दोन्हीकडे सारखं. कोपरा दाबला. गाडी खाली गेली, वर आली, थांबली. त्यांना आनंद झाला असावा, पण तो दाखवायची हिंमत त्यांच्यात उरली नव्हती. तक्ता फ्रिजवर नव्हता. तांदूळ डब्यात होते.

सासूबाई पुढे डावीकडे बसल्या. त्यांनी नवी साडी नेसली होती आणि मांडीवर बहिणीसाठी विणलेला स्वेटर होता, आठ महिन्यांत पुरा झालेला. सासरे गाडी चालवत होते. चौकातला वेगरोधक आला. आम्ही सगळ्यांनी कान टवकारले. गाडी चढली आणि उतरली. काहीही ठोठावलं नाही.

"ऐकलंस?" सासरे सासूबाईंकडे वळून म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "किती शांत आहे."

"हो," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही सगळे गेलात की घर असंच असायचं."

त्यानंतर दोन तास सासरे फक्त रस्ता बघत होते. मावशी फाटकात काठी घेऊन उभ्या होत्या. गाडी पुरती थांबायच्या आधीच सासूबाईंनी दार उघडलं.