मागच्या टाकीतलं वाण

दादाने चहा पिता पिताच निकाल लावला. "मागच्या टाकीतले मासे विकून टाकू. तुझ्या वाणात दम नाही."

धाकट्या बहिणीने कप खाली ठेवला. सहा वर्षं खपून, जोड्या निवडून तिने त्या वाणाच्या तीन पिढ्या वाढवल्या होत्या. एकच खाणं, एकच वय. तरी पुढच्या टाकीतले दादाचे मासे गुबगुबीत आणि तिचे हडकुळे.

दुपारी बुडालेली जाळी काढायला तिने मागच्या टाकीत खांद्यापर्यंत हात घातला आणि शहारलीच. तशीच पुढच्या टाकीकडे धावली. तिथलं पाणी कोमट! विहिरीचं गार पाणी आधी मागे पडायचं, तिथून पुढे यायचं आणि वाटेत उन्हाने तापायचं. थर्मामीटर मात्र बाबांच्या काळापासून दाराजवळच्या खिळ्याला, पुढच्या टाकीत. रोज सकाळी तोच आकडा दोन्ही टाक्यांच्या नावावर लिहिला जाई. आणि लिहिणारी कोण, तर ती स्वतः! तिने थर्मामीटर काढून मागे बुडवला. चार अंशांचा फरक. पाणी गार पडलं की माशाची भूकही मरते, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"दादा, सहा आठवडे दे. माझे मासे पुढे, तुझे मागे."

"आणि तरी नाही वाढले तर?"

"तर मीच जाळं टाकते."

सहा आठवडे तिला नीट झोप लागली नाही. वजनाच्या दिवशी दोन्हीकडचे तीस-तीस मासे तराजूवर चढले. दादाचे मासे गार पाण्यात सरासरी चाळीस ग्रॅम वाढले होते. त्याच पाण्यात तिचे आधीच्या सहा आठवड्यांत साठ वाढले होते. आणि कोमट पाण्यात? दादाच्या माशांनी आधी शंभर गाठले होते, तिच्या माशांनी आता एकशे तीस.

दादाने पुन्हा वजन केलं. "तराजू बिघडलाय."

"तुझेही त्याच्यावरच मोजलेत."

दादा हसला. ती टाकीच्या कठड्यावर बसली आणि इतक्या दिवसांचा कोंडलेला श्वास सोडत रडली. सुटलो बाई एकदाचे, असं माशांनाच म्हणाली.

दादा हातोडी घेऊन मागच्या टाकीकडे गेला. नव्या थर्मामीटरसाठी खिळा ठोकता ठोकता, मागे न बघताच त्याने विचारलं, "पुढच्या पिढीच्या जोड्या कधी लावतेस?"