दोन वर्षांनी लहान

"शोभाताई, तुम्ही फक्त सही आणून द्या. बाकीचं मी मॅनेज करतो," विक्रम म्हणाला आणि त्याने कागद माझ्या खिडकीच्या फटीतून आत सरकवला.

लोक ज्या फटीतून ट्रॅफिकच्या दंडाची तिकिटं सरकवतात, त्याच फटीतून. मी सिटीच्या कोर्टात क्लार्क आहे. अमेरिकेत शुगर लँड ओलांडून पुढे गेलं की आमचं छोटं शहर लागतं. कोर्ट म्हणजे तरी काय, एक खोली, चार बाकं आणि बाहेर माझी खिडकी. खून-दरोडे इथे येत नाहीत. लाल सिग्नल तोडलेले, इन्शुरन्स नसलेले, कुत्रा मोकाट सोडलेले असे लोक येतात. विक्रम हरदास सिटी कौन्सिलच्या सात जणांपैकी एक. मूळचा वर्ध्याचा, तेल कंपनीत इंजिनियर, आमच्या मराठी मंडळाचा माजी अध्यक्ष.

कागदावर चारच ओळी होत्या. तिसरी अशी होती: 'माझ्या आईने अमेरिकन अधिकाऱ्यांना जाणूनबुजून खोटी माहिती दिली, याचा मला खेद वाटतो.' खाली सहीसाठी रेघ आणि रेघेखाली आमच्या कोर्टाच्या जजचं नाव, क्वान लाम.

"हे कोणी लिहिलं?"

"मीच ड्राफ्ट केलं. हे बघा, मंगळवारी त्यांची टर्म वाढवायची की नाही याचं व्होटिंग आहे. तीन-तीन झालेत, माझं व्होट डिसायडिंग आहे. त्यांनी एवढं साइन केलं तर मी लोकांना तोंड दाखवू शकतो."

"आणि नाही केलं तर?"

"ताई, मलाही इलेक्शन आहे ना."

काच मध्ये नसती तर मी काय केलं असतं ते सांगत नाही. पण कागद घेतला. घ्यावाच लागला, कारण या आगीची काडी माझ्या हातची होती.

गेल्या सप्टेंबरात मंडळाच्या गणपतीत मुलांच्या बक्षीस समारंभाला पाहुणा हवा होता. जज लामना मीच बोलावलं. ते आले, मोदक खाल्ले, आणि मुलांना आपली गोष्ट सांगितली. वडील समुद्रात बुडाले. आई तीन मुलं घेऊन व्हिएतनामहून होडीतून मलेशियाच्या छावणीत पोचली. क्वान थोरला, अकरा वर्षांचा. पळापळीत दोन वर्षं शाळा बुडालेली. अमेरिकेत अकराव्या वर्षी थेट सहावीत बसवतील, भाषा येत नाही, पोरगं बुडेल, असं छावणीत कोणीतरी सांगितलं. मग अधिकाऱ्याने वय विचारलं तेव्हा आई म्हणाली, नऊ. "त्यामुळे मी कागदावर दिसतो त्यापेक्षा दोन वर्षांनी म्हातारा आहे," जज म्हणाले आणि सगळा हॉल हसला. टाळ्या वाजवणाऱ्यांत विक्रम पहिल्या रांगेत होता.

हसण्यासारखंच होतं ते. आपल्याकडे निम्मा महाराष्ट्र एक जूनला जन्मलेला आहे. माझ्या वडिलांचाही कागदावरचा वाढदिवस एक जून, आणि खरा कधी ते आजीलाही ठाऊक नव्हतं.

मंडळाने कार्यक्रमाचा व्हिडिओ टाकला. जानेवारीत कोणीतरी त्यातला चाळीस सेकंदांचा तुकडा कापून शहराच्या फेसबुक ग्रुपवर लावला: 'आपल्या जजने स्वतः कबूल केलं, नागरिकत्वाचे कागद खोटे.' जजला काढा म्हणून एका आठवड्यात अकराशे सह्या जमल्या. वकिलीच्या परवान्यासाठी अर्ज करताना या माणसाने ही गोष्ट स्वतःहून लिहून दिली होती. परवाना देणाऱ्यांनी चौकशी केली, कागद पाहिले आणि परवाना दिला. हे सगळं त्याच ग्रुपवर मी स्वतः लिहिलं. त्यावर एकाने मला विचारलं, तुझा व्हिसा कुठला होता?

जज लाम म्हणजे कोणी मोठी असामी नव्हेत, हेही सांगून टाकते. आई किनाऱ्यावरच्या कारखान्यात खेकडे सोलायची. हाही शाळा सुटली की तिच्या शेजारी उभा राहायचा. हातांवर कापल्याच्या बारीक खुणा अजून आहेत. रात्रकॉलेजात लॉ केलं, मग अकरा वर्षं गरिबांची फुकट वकिली. भाडेकरू, कोळी, नवऱ्याने टाकलेल्या बायका. त्यानंतर सोळा वर्षं आमच्या या चार बाकांच्या कोर्टात. वरच्या कोर्टात जायची संधी दोनदा आली होती. ते म्हणाले, "अमेरिकेतल्या बहुतेक लोकांना आयुष्यात एकच जज दिसतो शोभा, आणि तो ट्रॅफिकचा. तो तरी बरा असावा."

संध्याकाळी चेंबरमध्ये मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि सावकाश वाचला. मग खिशातली पेन्सिल काढून तिसऱ्या ओळीतल्या 'जाणूनबुजून' या शब्दाभोवती गोल केला.

"हे कोणाला माहीत?" त्यांनी विचारलं. "हे लिहिणारा तिथे होता का?"

"जज, साइन करून टाका. प्लीज. चार ओळी आहेत. लोक आठवड्यात विसरतील."

"अधिकारी इंग्रजीत विचारत होता. एक जण त्याचं मलायमध्ये करत होता, दुसरा मलायचं चिनीमध्ये, आणि माझी आई मोडकं चिनी बोलायची. नऊ दिवस पाण्यावर काढून आली होती. तिने बोटं वर केली, नऊ. तिला हे सरकार कुठलं तेसुद्धा माहीत नव्हतं."

"मग तसं लिहू. मी बोलते विक्रमशी."

"तसं लिहिलं तर त्याला चालणार नाही. त्याला माझी आई खोटारडी हवी आहे." ते पहिल्यांदाच चिडून बोलले. "दोन वर्षं मी वापरली. आईला काय मिळालं त्यातून? फायदा माझा झाला, तर शिक्षा मला द्या. मेलेल्या बाईला आरोपी करून मी खुर्ची ठेवू? माझ्यासमोर कोणी असा कागद आणला असता तर मी फाडला असता."

मला त्यांचाही राग आला. तत्त्व घेऊन घरी जाणार हा माणूस, आणि त्या खोलीत मग कोण बसेल? दंड भरायला पैसे नाहीत म्हणणाऱ्या बाईला लायब्ररीत वीस तास काम लावून कोण सोडेल? मी हे सगळं तोंडावर म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं आणि कागद मला परत दिला.

रविवारी मी विक्रमच्या घरी गेले. सिटीच्या नोकराने कौन्सिलरच्या घरी जाऊन शब्द टाकायचा नसतो, हे मला कळतं. पण त्या दिवशी मी नोकर म्हणून गेले नव्हते. विक्रमचे वडील हरदासकाका दार उघडायला आले. पंच्याऐंशीचे, वर्ध्याजवळच्या खेड्यात छत्तीस वर्षं शाळामास्तर. मुलाकडे आल्यापासून दुपारी झाडांना पाणी घालणं एवढंच काम.

"ये पोरी. हा चिडून बसला आहे सकाळपासून. काय झालं बाप्पा?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं. विक्रम मध्ये मध्ये "ताई, इट्स नॉट दॅट सिंपल" म्हणत होता. काका खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते.

"काऊन रे विक्रम," ते म्हणाले, "तुझ्या व्हिसाच्या कागदावर बापाची जन्मतारीख काय लिहिली?"

"बाबा, ते वेगळं आहे."

"एक जून. माझ्या मास्तरने टाकली. आणि मी किती पोट्ट्यांना टाकली? पहिलीत घ्यायचं, बापाला तारीख ठाऊक नाही, माय म्हणे पेरणीच्या वेळचा. कोणाला वर्षभराने लहान केलं, नोकरी लांबते म्हणून. त्यातले तीन जण इथंच आहेत, ग्रीन कार्डवाले. एक तर डॉक्टर आहे. सांगू नावं?"

"बाबा, प्लीज! हे बाहेर बोलायचं नाही."

"कायले? आपण केलं ते मास्तरचं काम, अन् त्या बाईनं केलं तो गुन्हा?"

विक्रमचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मला वाटलं, आता वळला. तो उठला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "आपण लोक इथे प्रॉपरली आलोय. डिग्री घेऊन, कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर. रेफ्युजींच्या भानगडीत आपलं नाव ओढलं गेलं तर उद्या आपलेच कागद उघडतील. मी आपल्याच लोकांना प्रोटेक्ट करतोय, ताई."

म्हणजे सगळं कळत होतं त्याला. न कळणाऱ्याला माफ करता येतं. मी चहा न घेता निघाले.

मंगळवारी कौन्सिलचा हॉल भरला होता. पोस्टर हातात धरलेले तीसेक लोक होते. त्यांतल्या दोघांचे दंड जज लामनी हप्त्यांवर करून दिलेले मला आठवत होते. काका हट्टाने आले होते, एसीत कुडकुडत स्वेटर घालून माझ्या शेजारी बसले. मेयरने जजना विचारलं, काही स्टेटमेंट द्यायचं आहे का?

ते माइकपाशी गेले. "वय विचारलं तेव्हा मी तिथे उभा होतो," ते म्हणाले. "मला माझं वय माहीत होतं आणि मी गप्प राहिलो. मोठा झाल्यावर जिथे कायद्याने विचारलं, तिथे मी लिहून दिलं. माझ्या आईबद्दल या सभागृहात मी काहीही बोलणार नाही." आणि जागेवर येऊन बसले. एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

मागून कोणीतरी ओरडलं, "गो बॅक!" कुठे जायचं होतं त्यांनी? पंचेचाळीस वर्षं झाली त्या माणसाला इथे.

मत देताना विक्रम फोनकडे बघत होता. "नो," तो म्हणाला. चार विरुद्ध तीन.

पार्किंगमध्ये तो हात पुढे करून जजकडे गेला. "नथिंग पर्सनल, सर." जजनी हात मिळवला. मी मिळवला नसता. काका विक्रमच्या गाडीपाशी आले, त्याने दार उघडून धरलं, आणि काका तसेच वळून माझ्या गाडीकडे चालू लागले.

"बाबा, कुठे?"

"शोभा सोडेल मला."

घरापाशी उतरताना म्हणाले, "पोरी, शिकवलं मीच आहे त्याला."

टर्म संपली त्या शुक्रवारी मी खिडकीत होते. दुपारी आठएक लोक खोळंबले होते. नवीन जज अजून नेमायचा होता, त्यामुळे सगळ्यांना पुढच्या तारखा देत बसले होते. वर पाहिलं तर दारातून जज लाम आत येत होते. साधा शर्ट, हातात काहीच नाही. मी आतलं दार उघडायला उठले. त्यांनी मानेनेच नको म्हटलं, मशीनमधून टोकन काढलं आणि भिंतीशी जाऊन उभे राहिले.

शेहेचाळीस, सत्तेचाळीस, मी नंबर पुकारत राहिले. त्यांच्या शेजारी घरकामाच्या एप्रनमधली एक बाई तिकीट उलटसुलट करत होती. तिने त्यांना काहीतरी विचारलं. ते वाकून तिकिटावर बोट ठेवून तिला समजावू लागले. हा माणूस कोण आहे ते तिला ठाऊक नसावं. तिने त्यांचे आभार मानले आणि आपला नंबर आल्यावर माझ्याकडे येऊन दंड न भरता सुनावणी मागितली.

पस्तीस मिनिटांनी मी पुकारलं, "चौपन्न."

ते आले. खिशातून चेंबरची किल्ली काढून फटीतून आत सरकवली.

"मला पोच मिळेल?" त्यांनी विचारलं.

किल्लीच्या पोचेचा फॉर्म आमच्याकडे नाही. मी कोरा कागद घेतला. 'जज क्वान लाम यांच्याकडून एक किल्ली मिळाली' असं लिहिलं, तारीख घातली, सही केली आणि सिटीचा शिक्का मारला. त्यांनी तो पूर्ण वाचला. मग पेन्सिल काढून 'जज' हा शब्द हलकेच खोडला, खोडल्याजागी नियमाप्रमाणे आपली आद्याक्षरं घातली, कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि मागच्या माणसाला जागा करून दिली.

मी पंचावन्न पुकारलं.